बादली आणि पहिला बॉम्ब

फटाक्यांचा कचरा भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी झाडून होतो. किस्से तेवढे राहतात. दर दिवाळीला दोन-तीन नवे येतात, आणि जुने काही जागा रिकामी करत नाहीत!

माझ्याकडे ते सगळ्यात जास्त साठलेत, कारण आमच्या सोसायटीत फटाके लावतात सगळे आणि बघतो मी. हातात पाण्याची बादली घेऊन. कांजूरमार्ग पूर्वेला आमची तीन मजली बिल्डिंग, बारा बिऱ्हाडं, लिफ्ट नाही. मी जाधव, दुसरा मजला. मला मुळातच एका जागी बसवत नाही. गॅस बंद केला का, नळ टपकतोय का, गेटला कडी आहे का, सगळं बघावं लागतं. बायको म्हणते, "तुझ्या पायाला भिंगरी लागलीय." लागली असेल! पण आजवर बिल्डिंग पेटली नाही ती कुणामुळे?

थांबा हां, गॅस बघून येतो.

बंदच होता. तर सांगत काय होतो...

*

ही बादली माझ्या गळ्यात कशी पडली ते ऐका. तळमजल्यावर नेने राहतात. बँकेतून रिटायर झालेले, भयंकर शिस्तीचे. नरकचतुर्दशीची पहाट. नेने बाथरूममध्ये, तेल लावून झालेलं, उटणं चोपडून झालेलं. बाहेर पोरांनी बाटलीत रॉकेट ठेवलं, वात पेटवली आणि नेमकी बाटली कलंडली. रॉकेट जे आडवं सुटलं ते थेट नेन्यांच्या बाथरूमच्या खिडकीतून आत!

धूर, किंकाळी, तांब्या पडल्याचा आवाज. आम्ही सगळे धावत त्यांच्या दाराशी. दार उघडलं. नेने पंचा गुंडाळून उभे, डोक्यापासून पायापर्यंत उटण्याने पिवळे. सुदैवाने लागलं काहीच नव्हतं. आमच्याकडे शांतपणे बघत म्हणाले, "दाराला बेल आहे ना?"

त्याच रविवारी मीटिंग भरली. पाणी घेऊन कुणीतरी कायम उभं राहायला हवं, असं ठरलं. कोण राहणार, तर सगळे छताकडे बघायला लागले. मग कुणीतरी म्हणालं, "जाधवांकडे पूजाबिजा नसते. ते दिवाळीत मोकळेच असतात!" आम्ही बौद्ध, घरात लक्ष्मीपूजन नसतं हे खरं. पण मोकळे? अकरा घरांचा फराळ येतो, तो कोण संपवतो? पण माझं कोण ऐकतंय! ठराव पास. त्याला आता वीस वर्षं होतील.

*

पहिल्याच वर्षी माझ्या बादलीची वाट लागली. म्हणजे बादलीने दुसऱ्याची लावली.

संध्याकाळी पोरांनी पाऊस लावला होता. ठिणग्या उंच उडत होत्या आणि मी लांबून बघतोय तर त्या पलीकडे जमिनीवर काहीतरी लालभडक, निळं, पिवळं दिसतंय. धगधगतंय! मी मागचापुढचा विचार केला नाही. "लांब व्हा!" असं ओरडलो आणि अख्खी बादली ओतली.

नेन्यांची सून अदिती शेजारीच पणती लावत होती. सकाळपासून पाठ मोडून काढलेली तिची रांगोळी गटाराच्या दिशेने निघाली. पोरगी रडेल असं वाटलं. ती फक्त म्हणाली, "काका, ते पेटलं नव्हतं. तो मोर होता."

दुसऱ्या दिवशी मी तिला चार डबे रंग आणून दिले. तिने नवी रांगोळी काढली आणि तिच्याभोवती खडूने गोल आखून लिहिलं, "बादलीला प्रवेश नाही."

*

फटाके उन्हात घालायची आमच्याकडे जुनी पद्धत. एके वर्षी गच्चीत एकाच चादरीवर अर्ध्या भागात आमचे चिवड्याचे पोहे आणि अर्ध्या भागात शेजारच्यांचे लवंगी फटाके वाळत घातलेले. दुपारी अचानक सर आली. कुणीतरी धावत गेलं आणि चारी टोकं धरून सगळं एकत्र गुंडाळून खाली आणलं!

आम्ही दोन तास निवडत बसलो. सुनीताने, म्हणजे बायकोने, पोहे तीनदा चाळले. पण चाळून काय होतंय? एखादा राहिलाच असला तर? ती कढईत पोहे तळायला लागली आणि मी मागे बादली घेऊन उभा राहिलो. तिने एक घाणा काढला. मग झारा वर करून वळली.

"उकळत्या तेलात पाणी ओतलंस ना, तर पोह्यांच्या आधी तुला तळीन!"

मी बादली घेऊन बाल्कनीत गेलो. चिवडा मात्र झकास झाला होता. खाताना सगळे जरा हळू चावत होते एवढंच.

*

आता पहिल्या मजल्यावरच्या गावडेंकडे येतो. कारण आमची दिवाळी आकाशकंदिलाने नाही, गावडे तात्यांच्या बॉम्बने सुरू होते.

तात्या मालवणकडचे. आधी गिरणीत होते, गिरणी बंद पडल्यावर सिक्युरिटीत गेले. पहाटे अंघोळ करून उंबऱ्यावर पायाने कारीट, म्हणजे ते कडू फळ, फोडायचं, "गोविंदाऽऽ" म्हणून आरोळी ठोकायची, नव्या गंजीफ्रॉकात खाली उतरायचं आणि कंपाउंडच्या मधोमध एक सुतळी बॉम्ब लावायचा. मी "अहो तात्या, लांब व्हा!" म्हणून नाचतोय आणि ते कानात बोटं न घालता उभे. धडाम! की लगेच पहिल्या मजल्याची खिडकी उघडणार आणि गावडे काकू बाहेर डोकावून ओरडणार, "शिरा पडो तुमच्या त्या फटाक्यार!"

मालवणी शिवी. मनात काही नसतं, पण दम मात्र पूर्ण लावून द्यायची असते. ती ऐकली की बाकीचे खाली उतरायचे. त्याच्या आधी कुणीही लवंगीसुद्धा लावायची नाही, असा अलिखित नियम.

तिसऱ्या मजल्यावरच्या रोहनने एकदा तो मोडला. इंजिनिअरिंगला होता, अंगात मस्ती. तात्यांच्या आधी उतरून त्याने बॉम्ब लावला. धडाम! खिडकी उघडली. काकूंनी खाली न बघताच घरात कुणालातरी सांगितलं, "ह्यो आमचो नाय." आणि खिडकी बंद.

रोहन बिचारा वर बघत उभा. मला म्हणतो, "काका, मला शिवी पण नाही?"

अर्ध्या तासाने तात्या उतरले. बॉम्ब वाजला आणि काकूंनी शिवी दिली, ती त्या वर्षी जरा जास्तच लांबवली.

*

एका वर्षी पोलिसांत आवाजाची तक्रार गेली, ती मात्र काकूंनीच केली होती, हे किती जणांना माहीत आहे?

पहाटे पोलिसांची गाडी गेटशी. हवालदार साहेब उतरले. "कुणी फोन केला?" काकू खिडकीतून म्हणाल्या, "मी." "कुणाविरुद्ध?" "घोवाविरुद्ध! ह्यो बघा, तुमच्या बाजूकच उभो आसा." तात्यांनी हवालदारांना नमस्कार केला.

हवालदारांनी डायरी काढली. "मग काकी, खाली येऊन लेखी द्या."

काकूंनी तात्यांकडे बघितलं. मग म्हणाल्या, "लेखी दिलंय तर पुढच्या वर्साक पयलो फटाको कोण लावतलो?"

हवालदार करंज्या खाऊन गेले. जाताना तात्यांना दम दिला आणि मला म्हणाले, "तुम्ही बादली खाली ठेवा, हात दुखत असेल."

*

आता यंदाचं.

गणपतीत काकूंना पक्षाघाताचा झटका आला. हातपाय हळूहळू सुधारले, धरून उभ्या राहायला लागल्या. सगळं कळत होतं. पण वाचा गेली. व्यायाम शिकवायला बाई यायची, "काकी, आ म्हणा, ई म्हणा." काकू तोंड फिरवायच्या. तात्या त्यांना मुद्दाम चिडवायचे, आमटीत मीठच नाही म्हणायचे. त्या नुसत्या बघायच्या. मला ते बघवायचं नाही, मी विचारपूस करून दारातूनच परत फिरायचो.

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात त्यांच्या महेशने ग्रुपवर मेसेज टाकला. आई दचकायला नको, यंदा आवाजाचे फटाके नकोत. सगळ्यांनी लगेच अंगठे दिले. मी दोन दिले.

आणि नरकचतुर्दशीच्या आदल्या संध्याकाळी तात्या माझ्या दारात. हातात दहा सुतळी बॉम्बचं पुडकं.

"जाधवा, ह्यां तुझ्याकडे ठेव. महेशाक सांगू नको."

"तात्या, अहो काकूंना काही झालं म्हणजे? डॉक्टरांना विचारलंत?"

"डॉक्टराक काय म्हायती? चाळीस वर्सां बॉम्ब वाजलो की ती बोलली. उद्या पण बोलतली." मग पुडकं पुढे केलं त्यांनी. "माका तिचो आवाज आयकाचो आसा रे. शिवी तर शिवी."

पुडकं घेतलं. त्यानंतर मी हॉल ते बाल्कनी, बाल्कनी ते हॉल. सुनीता म्हणाली, "महेशला सांग." म्हटलं, शब्द दिलाय. "मग गप्प बस." ते कधी जमलंय मला? डोळ्यांपुढे एकच, बॉम्ब वाजतोय आणि काकू छाती धरून खाली बसतायत. शेवटी मी बादली घेतली आणि दहाच्या दहा बॉम्ब त्यात बुडवले. चांगले बुडबुडे येईपर्यंत! मग वरून पुसले, वाती वाळवल्या. कुणाला कळणार नाही असं काम.

पहाटे खाली उतरलो तर जिन्यात अर्धी बिल्डिंग. पोरं न्हाऊनमाखून पायऱ्यांवर बसलेली, हातात फुलबाज्या, पण एकानेही पेटवलेली नाही. गावडेंच्या उंबऱ्यावर कारीट फुटलं. "गोविंदा" मात्र इतकं हळू आलं की जिन्यातच विरलं.

तात्या नव्या गंजीफ्रॉकात खाली आले. माझ्याकडून एक बॉम्ब घेतला, मधोमध ठेवला. मागून महेश धावत, "बाबा, नका!" तोवर वात पेटली होती. सगळ्यांनी कानावर हात ठेवले. मी नाही ठेवले, मला माहीत होतं.

वात सुरसुरत आत गेली. फुस्स.

थोडा धूर आला. तात्या वाट बघत राहिले. मग खिडकीकडे बघितलं, परत बॉम्बकडे. म्हातारा एवढासा झाला हो! आपण हे काय करून बसलो, असं झालं मला.

तेवढ्यात खिडकीची कडी वाजली. महेशच्या बायकोने मागून धरलेलं, आणि काकू गजांना पकडून उभ्या. तोंड वाकडं होत होतं, ओठ हलत होते.

"शि... शिरा... शिरा पडो... तुमच्या त्या फटाक्यार!"

कुणी श्वास घेतला नाही. काकूंनी मात्र घेतला, चांगला भरून.

"वाजणा पण नाय मेलो!"

महेश तिथेच पायरीवर बसला. तात्यांचे डोळे वाहत होते, पुसायचंही भान नव्हतं. काकू वरून हात हलवत होत्या, "दुसरो... दुसरो लावा!"

तात्यांनी माझ्यापुढे हात केला. "जाधवा, दुसरो दी!"

पुडक्यात नऊ शिल्लक होते. मी बादली खाली ठेवली, पुडकं नेन्यांच्या हातात कोंबलं आणि जिन्याने वर सुटलो. पहिला मजला, दुसरा, तिसरा, दिसेल ते दार दोन्ही हातांनी बडवत.

"अरे, कुणाकडे सुका बॉम्ब आहे का रे? एक तरी द्या!"