व्याह्यांच्या बोटीचे तांबडे दिवे

माझे व्याही निफाडचे द्राक्षबागाईतदार. त्यांनी धरणाच्या पाण्यालगत जागा घेतली आणि जागेला शोभावी म्हणून मोटारबोट घेतली. तिला दिवे बसवले ते त्यांच्या ट्रॅक्टरच्या वायरमनने: पुढे एक पांढरा, मागे दोन तांबडे. भटजींनी पूजाही ट्रॅक्टरच्याच मंत्रांनी केली आणि पुढच्या टोकाला लिंबूमिरची टांगली. दर शनिवारी तिन्हीसांजेला सून व नात यांना पलीकडच्या काठावर जेवायला न्यायचे, असा व्याह्यांचा बेत होता. सून म्हणजे माझी मुलगी.

मी तरुणपणी काही वर्षे मालवाहू जहाजाच्या इंजिनखान्यात काढली. पुढे सातपूरच्या कारखान्यातून निवृत्त झालो. बोटीच्या डाव्या अंगाला तांबडा, उजव्या अंगाला हिरवा आणि पाठीला पांढरा दिवा असतो, हे मला ठाऊक होते. तांबडा व हिरवा एकदम दिसले, तर बोट थेट आपल्यावर येत आहे. नुसता पांढरा दिसला, तर ती पाठ करून चालली आहे. समोरासमोर आल्यास दोघांनी उजवीकडे वळायचे. रस्त्याच्या नेमके उलट.

हे मी व्याह्यांना सांगितले. एकदाच, आणि चहाच्या कपाकडे पाहत. मुलीच्या बापाने याहून अधिक बोलू नये, असा आमच्यात दंडक आहे. ते म्हणाले, पाठीला पांढरा दिवा लावला तर तालुका हसेल. विहीणबाईंनी बशीत आणखी एक लाडू ठेवला. विषय संपला.

पहिल्या शनिवारी मीही बोटीत बसलो. देवावर विश्वास नाही आणि पोहता येते, या दोन कारणांनी. अंधार पडता पडता समोर तांबडा ठिपका दिसला. त्याच्या शेजारी हिरवा.

“तांबडा हाय, म्हंजे पाठ हाय,” व्याही म्हणाले. “चालली हाय ती पुढं. हिरवा शोभेचा असंल.”

समोरचा माणूस नियम पाळणारा होता. त्याला आमचा नुसता पांढरा दिवा दिसत होता. अर्थात त्याच्या मते आम्हीही पाठ करून चाललो होतो. अशा रीतीने दोन जाणकार एकमेकांच्या अंगावर निघाले होते. नात लिंबाकडे बोट दाखवून हसत होती.

ती बोट समोरून येत आहे, असे मी म्हटले. तोवर तिच्या इंजिनाची घरघरही जवळ आली होती. व्याह्यांनी आयुष्यभराच्या सवयीने चाक डावीकडे घेतले. समोरचाही उशिरा जागा झाला आणि नियमाप्रमाणे त्याच्या उजवीकडे, म्हणजे आमच्याच बाजूला, वळला.

मी व्याह्यांचा हात चाकावरून झटकला आणि चाक उलट फिरवले.

“सोडा. उजवीकडे.”

समोरची बोट आमच्या डाव्या अंगाला जवळजवळ घासून गेली. तिच्या लाटेने आम्ही सगळे भिजलो. तिच्यावरील गृहस्थाने आमच्या दिव्यांविषयी आणि घराण्याविषयी मत व्यक्त केले. दिव्यांपुरते मला ते मान्य होते.

काठ येईपर्यंत चाक माझ्याच हाती राहिले. मुलीने नातीला पोटाशी घट्ट धरले होते. मुलगी माझ्याकडे पाहत होती. मी पाण्याकडे पाहिले.

उतरताना व्याही म्हणाले, “एवढं लग्नात बोलला असता पाव्हणं, तर जावयाची अंगठी वाचली असती तुमची.”

“ते जिवावरचे नव्हते,” मी म्हटले.

परतीला त्यांनी जीप मागवली. पुढच्या शनिवारी बोटीला तांबडा, हिरवा आणि पाठीला पांढरा, सर्व दिवे जागच्या जागी होते. व्याह्यांनी मला चाकापाशी बसवले, स्वतः शेजारी बसले आणि मगच माझ्या मुलीला व नातीला बोटीत बोलावले. पुढे नवे लिंबू होते. जुन्यामुळेच सगळे वाचले, असे विहीणबाईंचे मत आहे. मी वाद घातला नाही. माझे बोलून झाले होते.