दिवा न देणारी राउशान

आमच्या कारागांदाकडच्या कोळशाच्या खाणीत उतरणाऱ्याला आधी राउशानच्या खिडकीपाशी यावं लागे. टोपीवरचा दिवा ती द्यायची. मी तिच्या शेजारच्या खिडकीवर. दिवा देताना प्रत्येकाला टोमणा ठरलेला. "वर येताना तोंड धुऊन ये, बायको ओळखणार नाही!"

तिचा आजा ढोरं मेल्यावर स्तेपीच्या माळरानातून चालत आला आणि खाणीला लागला. बाप सैतकाली एकोणनव्वद सालच्या खाणकामगारांच्या संपात चौकात बसला होता. साधा साबण मिळेना म्हणून माणसं बसली आणि मग साबणावरच थांबली नाहीत. लहानपणी बापाच्या मांडीवर बसून तिने हे इतक्यांदा ऐकलं होतं की, चौकात आपणच होतो असं तिला वाटे.

धाकटा भाऊ येर्मेकही खाणीतच; तिला तो अप्के, म्हणजे ताई, म्हणायचा. एकदा जेवताना तो बोलून गेला, "गॅस वाढला की यंत्र ओरडतं, काम थांबतं. म्हणून साहेब त्यावर ओलं जाकीट टाकायला लावतात."

"आणि तुम्ही टाकता?"

"अप्के, नाही टाकलं तर दुसरा टाकतो. मी घरी बसतो."

सैतकालीची छाती कोळशाने भरलेली, बोलताना धाप लागे. तो म्हणाला, "पोरी, पुरुषांना सांगून उपयोग नाही. आमच्या वेळी चौकात चहाच्या किटल्या घेऊन आधी बायका आल्या, मग आम्हाला उठून जायची लाज वाटायला लागली."

राउशान घरोघर गेली. दुधाचा चहा प्यायली, बाउरसाकाचे तळलेले गोळे खाल्ले, प्रत्येकीला एकच विचारलं, "तुझा नवरा जाकीट टाकतो का?" बायका रडल्या, भांडल्या, शेवटी तयार झाल्या. ठरलं ते असं: गॅसच्या यंत्रांना हात लावणार नाही असं साहेब लिहून देईपर्यंत आम्ही दिवे द्यायचे नाहीत, आणि बाकीच्यांनी फाटकात उभं राहायचं.

सकाळी आम्ही खिडक्या लावून घेतल्या. पाळी खाली उतरलीच नाही. सैतकाली चाकाच्या खुर्चीत बसून फाटकापाशी आला. जुनं हेल्मेट त्याने काठीने बडवलं आणि पोरासारखा हसला. त्याला तसं हसताना मी पुन्हा पाहिलं नाही.

साहेब ओरडला नाही. "खाण बंद होईल, मग बसा स्तेपीत मेंढ्या राखत," एवढंच म्हणाला. आठवडाभरात फाटकातल्या बायका विरळ झाल्या. कुणाच्या नवऱ्याला कचेरीतून बोलावणं आलं, कुणाच्या सासूने हात धरून घरी नेलं. शेवटी खिडकीवर टकटक झाली. समोर येर्मेक.

"अप्के, दिवा दे."

"घरी जा."

"बायकोचे दिवस भरलेत. मला कुठं पाठवतेस?"

तिने दिला नाही. साहेबाने कचेरीतली पोरगी आणून खिडकी उघडली आणि दिवा दिला. येर्मेक मान खाली घालून गेला. संध्याकाळी आम्हा दोघींना कामावरून काढलं.

हिवाळ्यात खाली स्फोट झाला. आणखी काही जणांसोबत येर्मेक त्यात गेला. चौकशीला वरून माणसं आली. मजुरांनीच यंत्र झाकलं होतं, सबब दोष त्यांचाच, असा निकाल त्यांनी दिला. आपली काही तक्रार नाही, यावर विधवांच्या सह्या घेतल्या. येर्मेकच्या बायकोनेही केली, कडेवर महिन्याचं पोर घेऊन.

मी चिडले. राउशान म्हणाली, "तिला काय बोलायचं? तिने काय खायचं?" सैतकालीने निकाल ऐकला आणि भिंतीकडे तोंड केलं. बर्फ वितळायच्या आत तोही गेला.

आता राउशान बसने पलीकडच्या खाणीच्या वस्तीत जाते, घरोघर तोच जाकिटाचा प्रश्न विचारते. मीही कधी कधी सोबत असते. तिथल्या बायका चहा देतात, सगळं ऐकून घेतात. मग एखादी विचारते, "एवढं करून तुमच्या हाती काय लागलं?"

राउशान चहाचा पेला खाली ठेवते. मग म्हणते, "काही नाही." आणि पुढच्या दाराकडे निघते.