माय सून व्हेरी होमली

धाकट्या दिरासाठी मुली बघण्यात सासूबाईंची काही वर्षं गेली आणि शेवटी त्याने अमेरिकेतच लग्न केलं. त्या वर्षांतून सासूबाईंना सून मिळाली नाही, एक इंग्रजी शब्द मात्र मिळाला. त्यांच्या मोबाइलवर मुलींचे बायोडाटे येऊन पडायचे आणि त्यांत हमखास असायचं, मुलगी गोरी, बी.एस्सी., होमली. किंवा सावळी, पण होमली.

मी अकोल्याला ज्युनिअर कॉलेजात इंग्रजी शिकवते. त्यामुळे घरातलं इंग्रजी, अगदी फवारणीच्या डब्यावरचंसुद्धा, वाचून दाखवणं माझ्याकडे असतं. त्यांनी विचारलं तेव्हा मी सांगितलं, "होमली म्हणजे घरगुती. घर सांभाळणारी, माणसांत मिसळणारी."

सासूबाईंना तो शब्द फारच आवडला. आमचं गाव पातूरच्या रस्त्याला आहे. शेतात वांगी, कोबी आणि गेंद्याची, म्हणजे झेंडूची, फुलं असतात, आणि माल गाडीत चढेपर्यंत सासूबाई पहाटेपासून तिथे उभ्या असतात. त्या म्हणायच्या, "गोरी अन् शिकेल तर कोनीबी भेटते. होमली भेटत नाई."

हिवाळ्यात दीर बायकोला घेऊन पहिल्यांदा घरी आला. माझी ही नवी जाऊ तिकडे दवाखान्यात नर्स आहे. उंच, नाकावर तांबूस ठिपके, आणि बसायला सांगितलं की थेट जमिनीवर बसणारी. ठेचा खाऊन तिचे डोळे भरून आले तरी तिने दुसऱ्यांदा मागून घेतला. फुलं तोडायला गेली ती उन्हाने लाल होऊन, पण भरलेली टोपली घेऊन परतली. सासूबाई बघत होत्या. बोलता येत नव्हतं, कारण तिला मराठी नाही आणि यांना इंग्रजी नाही.

मग अमरावतीला नणंदेकडे जेवण ठरलं. नवी सून बघायला शेजारच्या बायका आल्या. सासूबाईंनी तिचा हात धरला, तिला समोर उभं केलं, आणि तिलाही कळावं म्हणून मुद्दाम इंग्रजीत म्हणाल्या, "माय सून व्हेरी होमली."

बायकांनी माना डोलावल्या. त्यांतल्या एका बँकेतून निवृत्त झालेल्या बाईंनी तर तिच्याकडे बघून स्वच्छ इंग्रजीत भर घातली, "यस, शी लुक्स सो होमली."

जाऊ हसली, पण ते हसू तिच्या चेहऱ्यावर तसंच अडकून राहिलं. जेवताना तिने पुरणपोळी अर्धी टाकली. परतताना मूर्तिजापूर मागे पडलं तरी ती खिडकीबाहेरच बघत होती. दिराने विचारलं तर म्हणाली, डोकं दुखतंय.

घरी आल्यावर ती माझ्यामागे स्वयंपाकघरात आली. बोलली इंग्रजीत, मी मराठीत सांगते. "ताई, मी काही देखणी नाही, हे मला माहीत आहे. पण पाहुण्यांसमोर ते जाहीर करायची तुमच्याकडे पद्धत आहे का?"

मला काहीच कळेना. तिने तो शब्द सांगितला तेव्हा मी मोबाइलवर शब्दकोश उघडला. इंग्लंडमध्ये होमली म्हणजे साधं, घरच्यासारखं, ऊबदार. अमेरिकेत, दिसायला बेताची. आमच्या बायोडाट्यातली होमली अगदी तळाशी होती आणि तिच्यापुढे भारत असं लिहिलं होतं. मी मोबाइल तिच्या हातात दिला.

तिने सगळं नीट वाचलं. "म्हणजे आई माझं कौतुक करत होत्या?"

"यापेक्षा मोठं कौतुक त्यांच्याकडे नाही. मला तर त्या अजून होमली म्हणाल्या नाहीत."

ती ओट्याला टेकून हसायला लागली, आणि हसता हसता डोळे पुसायला लागली. बाहेरून ऐकून दीरही हसत आत आला. आम्ही दोघींनी त्याच्याकडे असं काही बघितलं की तो मोटर बंद करायचं निमित्त काढून विहिरीकडे गेला.

सासूबाईंना हे सांगणं माझ्यावर आलं. त्या भाकरी थापत होत्या. ऐकून त्यांचा हात थांबला.

"घरच्या बाईले घरची म्हटलं, तर त्यात रूप कोठून आलं?"

"तिकडे तसाच अर्थ आहे, आई."

"मंग दुसरा शब्द दे. उद्या सकाळी मी तिले बरोबर सांगतो."

मी सुचवत गेले. डोमेस्टिक म्हणाले, तर त्या म्हणाल्या, "ते त सिलिंडरवर लिवेल असते." सिंपल म्हणाले. "सिंपल म्हंजे साधी. साध्या मानसाले लोक येडं समजतात." प्लेन म्हणजे तर पुन्हा रूपावरच यायचं, म्हणून मी तो उच्चारलाच नाही. होमलव्हिंग म्हणाले. "एवढं लंबं? तोंडातून निंगाच्या आधी ते अमेरिकेले पोहोचून जाईन."

शेवटी तव्यावरची भाकरी उलटत त्या म्हणाल्या, "राहू दे. कोनतंबी इंग्रजी बोलाचंच नाई."

सकाळी त्यांनी शेतातून आणलेला गेंद्याचा सर, हौसेने साडी नेसलेल्या जावेच्या केसांत स्वतः माळला आणि आपल्या बोलीत म्हणाल्या, "बाई, तू मले लई आवडली. माह्या मनात वाईट नव्हतं." मी अर्थ सांगायला तोंड उघडलं, तर जावेने हातानेच मला थांबवलं. तिला कळलं होतं.

पण आता तिलाही परतफेड करायची होती. तिने मोबाइलमध्ये काहीतरी शोधलं, ओठांतल्या ओठांत घोकलं, आणि सगळ्यांसमोर सासूबाईंना मराठीत म्हणाली, "आई, तुम्ही खूप थंड आहात."

सासरे चहा पीत होते. त्यांनी कप खाली ठेवला. "मी जलम काढला हिच्यासंग," ते म्हणाले, "पन हे सांगाची माही हिंमत झाली नाई."

"थंड? मी?" सासूबाई माझ्याकडे वळल्या. "काहून? मी काय पडून राह्यतो का दिवसभर?"

दिराला हसण्यातून बोलता येईना, म्हणून मीच दोघींना उलगडून सांगितलं. तिच्याकडे कूल म्हणजे झकास, जिच्यासारखं आपण व्हावं अशी. मोबाइलने त्यातला गारवा तेवढा उचलला होता. जावेला आमच्याकडे थंड कोणाला म्हणतात ते कळलं, तशी तिने पदराने तोंडच झाकून घेतलं. पदर नीट घेता येत नव्हता, तो खांद्यावरून सुटला. सासूबाईंनी पिन काढून तो लावून दिला. "जाऊ दे," त्या म्हणाल्या, "फिट्टंफाट झाली."

ते परत जाईपर्यंत दोघी एकमेकींशी आपापल्या भाषेत बोलत होत्या, एक वऱ्हाडीत आणि एक इंग्रजीत, आणि वांगी चिरताना त्यांचं बरंच बोलणं व्हायचं. मी मध्ये पडले की दोघीही गप्प होत.

आता दर रविवारी व्हिडिओ कॉल असतो. गेल्या आठवड्यात कॉल संपला आणि सासूबाई मोबाइल घेऊन माझ्याकडे आल्या. "ती मले क्यूट म्हणाली. ते चांगलं असते का वाईट?"

"चांगलं, आई."

"तिच्या गावात का आपल्या?"

दोन्हीकडे, मी म्हणाले. तरी त्यांनी मला शब्दकोश उघडायला लावला आणि चष्मा लावून शेजारी बसल्या.