अंगणातला जिल्हा

उल्काबाईंच्या शाळेपुढच्या अंगणात अख्खा रत्नागिरी जिल्हा मावायचा. खोटं नाही सांगत. वर्गाच्या पायरीशी जांभ्याचे चिरे रचून केलेला सह्याद्री, तिथून फाटकाकडे उतरत गेलेली जमीन, आणि फाटकाला लागून समुद्र. किनाऱ्यावर तिसऱ्यांच्या शिंपल्या. आरे-वारेला वाळूच्या दोन मुठी. अलोऱ्याला एक उडालेला बल्ब, कारण तिथे कोयनेची वीज होते. ओमकार नावाच्या पोराने एका वर्षी मिरकरवाड्याच्या बंदरावर सुका बोंबील ठेवला होता, तो मांजराने पळवला. पोरं आठवडाभर म्हणत होती, बाई, मिरकरवाडा मांजराने खाल्लान.

हे खूळ बाईंनी उगाच नाही काढलं. त्या नव्याने इथे आल्या तेव्हा त्यांनी भिंतीवरचा नकाशा दाखवून विचारलं होतं, आपल्या काजळी नदीचं पाणी येतं कुठून? वर्ग एका सुरात ओरडला, मंडणगडहून! का रे बाबांनो? तर नकाशात मंडणगड सगळ्यात वर, राजापूर सगळ्यात खाली, आणि पाणी वरून खालीच येणार की! शाळेमागे नदी वाहते, ती जिथून उतरते तो सह्याद्री समोर दिसतो, आणि पोरं सांगतात मंडणगड. पण त्यांची काय चूक? भिंतीला टांगलेल्या जिल्ह्यात डोंगर उभा कसा राहणार? बाईंनी नकाशा गुंडाळला आणि कुदळ मागवली.

तेव्हापासूनची रीत अशी. पावसात जिल्हा वाहून जायचा. दिवाळीच्या सुट्टीत तिसरीची पोरं आजोळी जायची, येताना तिथली मूठभर माती आणायची, आणि ज्याचं आजोळ जिथे, तिथे त्याने ती घालायची. लांज्याची तांबडी, खाडीकडची काळी, कातळाच्या सड्यावरची खडेवाली. जिल्हा उभा राहिला की बाई पायरीवरून तांब्याभर पाणी ओतायच्या, आणि पोरं त्या धारेबरोबर रांगत समुद्रापर्यंत जायची. गुडघे चिखलाने भरायचे, आया बोंबलायच्या, पण नदी कुठून कुठे जाते हे परत विचारावं लागायचं नाही.

यंदा सुट्टी संपवून बाई शाळेत आल्या आणि फाटकातच थांबल्या. अंगणभर लाल-पिवळे पेव्हर ब्लॉक! सपाट, चकचकीत.

शाळा समितीचे अध्यक्ष श्रीपतीभाऊ हौसेने पुढे आले. "कसं वाटतंय, बाई? मुंबईच्या विनोदशेठनी करून दिलंन. वर्गात मोठा स्क्रीनपण लावलाय. परवा उद्घाटन."

"मला विचारलंत?"

"विचारायचं काय त्यात? चिखल गेला, बरं झालं. आता जिल्हा स्क्रीनवर दिसेल. रंगीत!"

बाईंच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. तिसरीची पोरं मातीच्या पिशव्या घेऊन रांगेत उभी होती, आणि ती ओतायला अंगणात बोटभर जागा नव्हती. त्या एवढंच म्हणाल्या, "दप्तरात ठेवा रे. टाकू नका."

उद्घाटनाला विनोदशेठ आले. हार झाले, नारळ झाला, भाषणं झाली. स्क्रीन लागला, त्यावर जिल्ह्याचा रंगीत नकाशा झळकला. शेठनी तिसरीतल्या वेदिकाला जवळ बोलावलं आणि कौतुकाने विचारलं, "सांग बघू बाळ, आपल्या काजळीचं पाणी कुठून येतं?"

वेदिकाने स्क्रीनकडे मान वर करून पाहिलं. मग थेट नकाशाच्या माथ्याकडे बोट रोखलं. "मंडणगडहून!"

"शाब्बास!" शेठ म्हणाले, आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. श्रीपतीभाऊंनी वाजवल्या, सरपंचांनी वाजवल्या. जन्मभर त्या नदीचं पाणी प्यालेली माणसं हो! वेदिकाच्या हातात कंपासपेटीचं बक्षीस ठेवलंसुद्धा.

"चूक आहे," बाई उठून म्हणाल्या. टाळ्या थांबल्या. वेदिकाचा चेहरा पडला, तशा बाई तिच्याजवळ गेल्या. "तुझी नाही गो बाये. चूक टाळ्या वाजवणाऱ्यांची. लाज वाटायला हवी!"

आणि त्या तडक बाहेर पडल्या. खिचडीच्या खोलीमागे पहार होती, ती उचलली आणि पायरीजवळच्या पहिल्या ब्लॉकखाली घातली. सारी सभा दारात गोळा झाली.

"बाई, डोकं ठिकाणावर आहे ना?" श्रीपतीभाऊ ओरडले. "वरून नोटीस येईल!"

"येऊ दे की! नोटिशीत लिहायला सांगा, काजळी मंडणगडहून येते म्हणून. मी सही करते." आणि दुसरा ब्लॉक निघाला.

कुणी अडवलं नाही. ब्लॉक निघत गेले, खालची माती दिसायला लागली. बाईंचा श्वास फुलला होता, पदर खोचलेला होता, हातांना फोड आले होते. पोरांनी न सांगता चिरे आणून पायरीशी रचले. वेदिका दप्तरातली पिशवी घेऊन आली.

"बाई, माझं आजोळ साखरप्याला. कुठे घालू?"

"घाटाच्या पायथ्याशी. हे बघ, पायरीजवळ."

तिने माती ओतली. बाईंनी तांब्या तिच्याच हातात दिला. पाणी चिऱ्यांवरून उतरलं, साखरप्याच्या मातीला वळसा घालून खाली निघालं, फाटकाकडे. वेदिका धारेबरोबर दोन पावलं रांगली आणि थबकली.

"बाई! म्हणजे काजळीचं पाणी माझ्या मामाकडून येतं!"

दारात सगळे उभे होते. शेठ, सरपंच, श्रीपतीभाऊ. या उत्तराला मात्र कुणी टाळी वाजवली नाही.