अब्राहामच्या ओळखीचे आजोबा

अब्राहामला प्रत्यक्ष ओळखणारा माणूस आज पृथ्वीवर एकच उरला आहे आणि तो ऑकलंडमध्ये, अल्बनीला, आमच्या डाव्या हाताच्या घरात राहतो. ज्यू धर्माचा हा मूळपुरुष होऊन गेल्याला हजारो वर्षं लोटली असं बाकीचं जग म्हणतं. शेजारच्या आजोबांशी दहा मिनिटं बोललं की हा अब्राहाम त्यांचा सख्खा चुलता असावा आणि नुकताच मुलाकडे चार दिवस राहायला गेलेला असावा, अशी आपली खात्री पटते. आजोबा बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू. त्यांचे पूर्वज फुटक्या गलबतातून अलिबागच्या किनाऱ्याला लागले, तेलाचे घाणे चालवू लागले, आणि शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून गावानं त्यांना शनवार तेली करून टाकलं. आजोबांचं मराठी अजून त्याच किनाऱ्यावरचं आहे. आम्ही पुण्याचे, शुद्ध बोलण्याचा तोरा मिरवणारे. पण त्यांच्यापुढे माझं मराठी मलाच ऑफिसच्या ईमेलसारखं वाटतं.

आम्ही इथं राहायला आलो त्या दिवशी खोक्यांच्या ढिगाऱ्यात तोंड पाडून बसलो होतो. आजोबा चहाचा थर्मास घेऊन आले आणि नाव विचारायच्या आधी म्हणाले, "घाबरू नका. अब्राहाम आपलं ऊर गाव सोडून निघाला तेव्हा त्याच्याकडं जॉब ऑफरसुद्धा नव्हती. देव म्हणाला, देश सोड, बापाचं घर सोड, मी दाखवीन त्या मुलखात जा. कुठला मुलूख ते सांगितलंच नाही! आणि हा निघाला. त्याच्या बायकोनं, साराबाईनं, त्याला काय ऐकवलं ते ग्रंथात नाही, पण मला ऐकू येतं." माझ्या बायकोनं त्या दिवसात पहिल्यांदा हसून माझ्याकडे पाहिलं. तिलाही ते ऐकू येत असावं.

अब्राहामचा तंबू म्हणे चारी बाजूंनी उघडा असे, वाटसरूला दार शोधत फिरावं लागू नये म्हणून. त्यामुळे इथल्या हिवाळ्यात, ऐन जुलैच्या गारठ्यात, आजोबांचं पुढचं दार, मागचं दार आणि गॅरेज ही सगळी उघडी असतात आणि त्यांच्या मुलाचा हीट पंप एकट्यानं सगळी अल्बनी गरम करत असतो. "पप्पा, पॉवर बिल बघा हो!" असं सून कळवळून म्हणते. एकदा पार्सल द्यायला आलेला कुरियरवाला या सापळ्यात सापडला. त्याला आत बसवून आजोबांनी चपाती-आम्लेट खाऊ घातलं, आणि सगळी गल्ली आपापल्या पार्सलांची वाट बघत राहिली. आजोबांना त्याचं काही नव्हतं. "तीन परके दिसले तर अब्राहाम म्हातारपणी धावत सुटला. माझे गुडघे धावू देत नाहीत, निदान दार तरी उघडं नको?"

पापाटोएटोच्या भारतीय दुकानात जायचं तर मात्र त्यांच्यासोबत जाऊ नये. मलिद्यासाठी, म्हणजे एलियाहू नबीच्या नावानं ओले पोहे, नारळ, साखर घालून करतात त्या प्रसादासाठी, त्यांना पोहे हवे असतात, आणि ते घासाघीस केल्याशिवाय घेणं त्यांना अधर्म वाटतो. गल्ल्यावरच्या मुलीला त्यांनी माझ्यादेखत ऐकवलं, "एक गाव वाचवायला अब्राहामनं साक्षात देवाशी घासाघीस केली. पन्नास भले लोक निघाले तर सोडशील का, इथून सुरू केलं आणि देवाला दहावर आणलं! तू तर माणूस आहेस." दाराशी गाडीची किल्ली फिरवत उभी असलेली त्यांची नात म्हणाली, "आजोबा, शी जस्ट वर्क्स हिअर." शेवटी त्या मुलीनं कोथिंबिरीची जुडी फुकट देऊन सुटका करून घेतली.

ही नात इथं जन्मलेली, इथल्याच युनिव्हर्सिटीत शिकणारी. आजोबांना सगळीकडे तीच नेते. मराठी तिला अक्षर न् अक्षर कळतं, उत्तर मात्र इंग्रजीत. आजोबांनी अब्राहामला सुरुवात केली की ती एका कानात गाणी चालू ठेवून म्हणते, "ओके आजोबा, स्वीट ॲज," म्हणजे इथल्या बोलीत 'झकास'. एकदा कुंपणाशी उभं असताना आजोबा मला म्हणाले, "माझा बाप या गोष्टी पेटीवर कीर्तनात सांगायचा. मी घरात सांगितल्या. मुलाला वेळ नाही आणि हिला ऐकू येत नाही. मी गेलो की अब्राहाम पण गेला, बघ." एरवी त्यांच्या बोलण्यात कुठेतरी हसू दडलेलं असतं. त्या दिवशी नव्हतं. मी हिरवळ कापण्याबद्दल काहीतरी बोलत राहिलो.

गणपतीत ते आमच्याकडे हटकून येतात. नैवेद्य दाखवायच्या आधीच त्यांचे मोदक बायको वेगळे काढून ठेवते. "देवाला दाखवलेलं आमच्यात चालत नाही, आणि मोदक सोडणं मला जमत नाही," हा त्यांनी स्वतःच काढलेला तोडगा. गेल्या वर्षी आरतीला अवकाश होता, तेव्हा आमची आठ वर्षांची मुलगी त्यांना म्हणाली, "आजोबा, तुमचा रिलिजन कोणी स्टार्ट केला?"

मग काय! आजोबांनी मोदकाची वाटी बाजूला ठेवली. "ऊर गावात तेरहचं दुकान होतं. तेरह म्हणजे अब्राहामचा बाप. एकदा बाप म्हणाला, 'पोरा, मी जरा जाऊन येतो, गल्ल्यावर बस.' तर अब्राहामनं काय केलं, हातोडा घेतला आणि..."

"कसलं दुकान?" मुलीनं विचारलं.

"मूर्तीं..." म्हणून आजोबा थांबले. समोर समईच्या उजेडात, तिनं स्वतः मातीचा केलेला, एक कान मोठा झालेला गणपती बसला होता. आजोबांचा चेहरा पार उतरला. "किराणा मालाचं," ते पुटपुटले.

"मग?"

"मग गिऱ्हाईकं आली. गेली. संपली गोष्ट."

"दॅट्स नॉट अ स्टोरी," मुलगी म्हणाली. आणि खरंच, किराणा दुकानातून धर्म निघाला हे कुणालाच पटण्यासारखं नव्हतं.

तेवढ्यात सोफ्याच्या कोपऱ्यातून नात म्हणाली, "आजोबा, नो. इट वॉज आयडल्स." तिनं कानातला इयरफोन काढला आणि सगळी गोष्ट सांगितली, इंग्रजीत. अब्राहामनं दुकानातल्या सगळ्या मूर्ती फोडल्या, फक्त सर्वात मोठी ठेवली आणि हातोडा तिच्या हातात दिला. बाप येऊन ओरडला, तर म्हणाला, यांची आपसात भांडणं झाली, मोठ्यानं बाकीच्यांना बदडलं. बाप म्हणाला, खुळा की काय, मातीच्या मूर्ती हलतात का? "अँड अब्राहाम सेज, देन व्हाय डू यू प्रे टू देम?" बाप रागावला हे सांगताना तिनं एक हात कमरेवर ठेवला होता, हुबेहूब आजोबांसारखा. आजोबा डोळे मिटून बसले होते. हे ऐकून आम्हाला काय वाटेल, या धास्तीनं असावं.

मग माझी बायको म्हणाली, "किराणा कसला हो आजोबा? उगीच स्वतःचा धर्म बुडवत होतात. अहो, आम्ही तर उद्या हाच गणपती हौसेनं बादलीत सोडणार आहोत!" सगळे हसले. मुलगी तेवढी आपल्या गणपतीच्या पुढ्यात सरकून बसली. "अब्राहाम कान्ट हॅव माइन," ती म्हणाली.

आरतीच्या आधी मी आजोबांना फाटकापर्यंत पोचवायला गेलो. भुरभुर पाऊस होता. नात पुढे जाऊन घरातले दिवे लावत होती.

"आता काळजी मिटली ना?" मी म्हटलं. "गोष्ट आहे तिच्याकडं."

"आहे," आजोबा म्हणाले. "काही सोडलं नाही पोरीनं. बापाचा राग तर माझ्या बापासारखा काढला." त्यांनी फाटक उघडलं. "मराठीत नाही सांगितली, एवढंच."

माझी स्वतःची मुलगी आत इंग्रजीतच बडबडत होती.

"जाऊ दे," त्यांनीच माझ्या पाठीवर हात ठेवला. "अब्राहाम तरी कुठं मराठी बोलत होता?"

असं म्हणाले खरे, पण फाटकाची कडी लावायला त्यांना त्या दिवशी फार वेळ लागला.