डेलिया मावशीची पिवळी भिंत

न्यूफाउंडलंडच्या आमच्या खाडीत दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत अमेरिकी आरमाराचा तळ आला, आणि दोन वर्षांत त्यावर चार कमांडर आले. एकेक नमुना होता. पहिल्याने डेलिया मावशीला शब्द दिला, तुमच्या घराला हात लावणार नाही. दुसऱ्याला तो शब्द कागदावर सापडेना. तिसरा बुलडोझर घेऊनच आला.

मावशी विधवा. एकुलता एक मुलगा गस उन्हाळाभर कॉड मासा धरायला उत्तरेला लॅब्रडोरच्या किनाऱ्यावर गेलेला. आमच्या बंदराच्या तोंडाशी पाण्याखाली खडक आहेत. आत शिरताना आम्ही मावशीच्या घराची पिवळी भिंत आणि मागचा काळा कडा एका रेषेत धरतो, म्हणजे खडक चुकतात. म्हणून ती दरवर्षी भिंत रंगवायची, नवरा गेला त्या वर्षीसुद्धा. गावात दुसरं कुणी पिवळं घर करत नाही. हे तिने तिसऱ्या साहेबाला समजावलं. तो म्हणाला, "आमच्याकडे नकाशे आहेत, बाई."

"माझ्या पोराकडे नाहीत."

दुसऱ्याच सकाळी घर भुईसपाट झालं. गसला निरोप धाडला, तो पोचलाच नाही.

त्याच उन्हाळ्यात आलेला चौथा कमांडर हौशी निघाला. त्या मेल्याने टेकडीवर बंगला बांधला आणि इथला पिवळा रंग आवडला म्हणून तोच लावून घेतला. हा रंग बोटींना फसवेल, असं मावशी तळाच्या फाटकावर दोनदा सांगून आली. तिसऱ्यांदा पहारेकऱ्याने हाकललं. आम्ही पुरुष तेव्हा तळावर मजुरी करत होतो. तो रंग मीच लावला होता, सगळं कळत असताना. मला माझीच लाज वाटते.

सप्टेंबरात एका संध्याकाळी गसची बोट आली. त्याने बंगल्याची पिवळी भिंत आपल्याच घराची समजून कड्यासमोर धरली आणि सरळ खडकावर गेला. आम्ही काठावरून ओरडत राहिलो. बोटीतल्या चौघांपैकी तिघांना ओढून काढलं. गस मिळाला तो दुसऱ्या दिवशी.

त्याला पुरल्यावर कमांडर टोपी हातात घेऊन आमच्या घरी मावशीकडे आला. फार वाईट झालं म्हणाला. पण त्याची बदली झाली होती. रंगाचं पुढच्या साहेबासाठी लिहून ठेवतो म्हणाला. मावशीने त्याला बससुद्धा म्हटलं नाही. ती माझ्याकडे वळली.

"रंग तूच लावलास ना?"

मी मान डोलावली.

"मग डांबराचा डबा उचल. लॅब्रडोरच्या अजून तीन बोटी यायच्यात."

भरदुपारी बंगल्यापाशी पहारेकऱ्याने आमच्यावर बंदूक रोखली. मावशी डांबराचा ब्रश घेऊन पिवळ्या भिंतीला लावलेली शिडी चढत होती आणि मी खाली शिडी धरून उभा होतो.