अंधारात मेलेल्या पेशी

नव्वदच्या दशकाच्या मध्याला मी हैदराबादेत संशोधन करत होते आणि काचीगुड्याला आत्याकडे राहत होते. रुथेनियम धातूची नारिंगी संयुगं बनवायची, ती कर्करोगाच्या पेशींवर घालायची आणि वर दिवा धरायचा, हे माझं काम. उजेड पडेल तिथंच औषधानं मारावं, बाकी शरीरात निपचित पडून राहावं, अशी आमची आशा होती. आयातीचे नियम नुकतेच सैल झालेले. ज्या दिव्यासाठी आधीच्या विद्यार्थ्यांनी वर्षं घालवली, तो आम्हाला दोन महिन्यांत मिळाला. आता सगळंच झटपट होणार, असं मला वाटू लागलं होतं.

त्याच सुमारास आत्याच्या गालात आतून गाठ आली. कॅन्सर निघाला. डॉक्टर म्हणाले, लगेच ऑपरेशन करू, जबड्याचा थोडा भाग जाईल. आत्या सुलतान बाजारातल्या शाळेत मराठी शिकवायची. उच्चार गेले तर वर्गात उभी कशी राहू, हीच तिची धास्ती.

एकदा जेवताना मी तिला आमचं काम समजावून सांगितलं. जरा फुशारकीनंच.

"म्हणजे कापाकापी नक्को? नुसता दिवा?"

"तोंडात तर दिवा सहज पोचतो, आत्या," मी म्हणाले. माणसाला द्यायला अजून पुष्कळ वर्षं लागतील, हे मी सांगितलं नाही. तिचा चेहरा इतका उजळला होता.

तिनं ऑपरेशन पुढे ढकललं. डॉक्टरांना सांगितलं, परीक्षा होऊ द्या. खरं कारण मला ठाऊक होतं.

तीन आठवड्यांनी मी औषध घातलेल्या पेशींची, काळ्या कागदात गुंडाळून ठेवलेली ताटली उघडली. तिच्यावर उजेड पडलाच नव्हता, त्यामुळे तिच्यातल्या पेशी जिवंत राहायला हव्या होत्या. सगळ्या मेल्या होत्या. पुन्हा करून पाहिलं, तेच. आमचं औषध म्हणजे साधं विष होतं.

संध्याकाळी आत्यानं नेहमीसारखं विचारलं, "काय म्हणतंय गं तुझं औषध?"

"चाललंय."

हे 'चाललंय' मी आणखी महिनाभर म्हणत राहिले. शेवटी तिला तोंड उघडेना, तेव्हा ऑपरेशन झालं. गाठ मानेत उतरली होती. अर्धा जबडा गेला. आत्या सहा वर्षं जगली, पण शाळेत परत गेली नाही.

ती गेली त्याच्या आदल्या वर्षी मी तिला सगळं सांगितलं. ती भात कुस्करत होती. तिचं बोलणं नीट ऐकावं लागे.

"कळलं तेव्हाच सांगायचं ना, पोरी," ती म्हणाली.

मग तिनं ताटात आणखी थोडं वरण मागितलं. मी वाढलं. तिनं त्यात भात मऊ केला आणि सावकाश, एका बाजूनं, जेवत राहिली. मी समोर बसून होते. माफ केलं, असं ती म्हणाली नाही आणि मला विचारायचं धाडस झालं नाही.